कापायच्या रेघेबाहेर

तो मोबाइल पालथा ठेव आधी. हं, आता ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही रे पोरांनो, आमच्या छापखान्यातल्या भिंगमामांवर गुदरलेली आहे.

मामांचं काम एकच. गिऱ्हाइकाची फाइल छपाईला जाण्याआधी तपासायची. फॉन्ट गळालाय का, फोटो फुटतोय का, कडेचं चित्र कापायच्या रेघेबाहेर थोडं जास्त सोडलंय का. माणूस इतका संशयी, की स्वतःच्या सहीवरही भिंग धरील.

गुरुवार, सोळा तारीख. रात्री साडेदहाला एका घराण्याच्या आठवणींच्या पुस्तकाची फाइल आली. सकाळी हजार प्रती हव्या होत्या. मुखपृष्ठावर जिन्यात बसलेले दोघे भाऊ. फोटो डावीकडे रेघेबाहेर चांगला दोन बोटं उरला होता. आणि त्याच्या अगदी टोकाला... एक कोपर.

कापलंच जाणार होतं ते. पण मामांना चैन पडेना. त्यांनी फाइल पाठवणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला.

"साहेब, फोटोत तिसरं कुणी आहे का?"

"छे, आम्ही दोघंच."

"डावीकडे बाईचं कोपर दिसतंय."



"...कापून टाका."

"म्हणजे आहे कुणीतरी?"

"वहिनीच असेल. पण ती तर फोटोच्या आधीच वारली... कापा म्हटलं ना!"

फोन बंद.

"कुठंतरी पाणी मुरतंय," मामा पुटपुटले. त्यांनी फाइल पुन्हा उघडली. आता खांदाही दिसत होता.

कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर चेष्टा करतोय झालं! मामा चिडून वळले. ऑपरेटरची खुर्ची रिकामी. तो नऊलाच घरी गेला होता.

मामांनी नेटची वायर उपटली. फाइल बंद केली. उघडली.

अर्धा चेहरा. रेघेला टेकलेला. थोरल्या भावाकडे बघणारा.

आणखी एकदा उघडली तर...

मामांनी उघडली नाही. तशीच छपाईची प्लेट बनवायला पाठवली.

पहाटे छपाई झाली, कटिंग झालं. वरच्या दोन-चार प्रती मामांनी पाहिल्या. दोघेच भाऊ. धाकट्यानं एकही प्रत न पाहता गठ्ठे गाडीत घातले, निघून गेला.

मामा कटिंग मशीनपाशी गेले. कापलेल्या पट्ट्यांची चळत तिथंच पडली होती. एकाच प्लेटवरच्या हजार पट्ट्या. सगळ्या सारख्याच असायला हव्यात, नाही का?

सगळ्यात वर अर्धा चेहरा. त्याखाली नुसता खांदा. मग पाठ. मग रेघ ओलांडून भावांकडे निघालेली एक टाच...

तळाच्या शंभरेक पट्ट्यांवर फक्त रिकामा जिना होता.