हाडांचं जहाज

एडिनबराच्या दक्षिणेला, एस्क नदीच्या काठावर, एका जुन्या कागद गिरणीचे आता फ्लॅट केले आहेत. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथे राहायला गेलो. मी हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. माझा नवरा रघुवीर सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं बरंचसं काम घरूनच चालायचं. भिंती जाड दगडी होत्या आणि खिडक्या बंद केल्या तरी नदीचा आवाज आत यायचा.

खाली मॉराग नावाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांनी एकदा आम्हांला चहाला बोलावलं. नेपोलियनच्या काळात या गिरणीत फ्रेंच युद्धकैदी ठेवले होते आणि वेळ घालवायला ते जेवणातल्या हाडांच्या वस्तू कोरायचे, असं त्यांच्याकडूनच कळलं.

"मग युद्ध संपल्यावर सोडलं असेल ना?" रघुवीरने विचारलं.

"सोडलं की. पण इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध कधी संपायचं? एक मिटलं की दुसरं. कित्येकांना खरंच वाटायचं नाही, की आपण घरी जाऊ."

नंतर जिना चढताना रघुवीर मध्येच थांबून भिंतीवर तळहात टेकून उभा राहिला. "किती गार आहे बघ," म्हणाला.

तो नागपूरचा, त्यामुळे रविवारी घरात मटण ठरलेलं. ऑक्टोबरात कधीतरी त्याने नळीची हाडं फेकणं बंद केलं. सोडा घालून उकळायचा, घासायचा आणि रेडिएटरवर वाळत ठेवायचा. घरभर एक ओशट, उबट वास राहू लागला.

"हे काय नवीन?"

"काही नाही गं. हाताला चाळा."

ज्याला भिंतीत खिळा धड ठोकता येत नाही, तो माणूस हाडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या तासत होता. महिन्याभरात जहाजाचा सांगाडा उभा राहिला. मग तोफा आल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. व्हिडिओ बघून शिकला असेल, असं मी धरून चालले. विचारलं तर म्हणाला, "यात शिकायचं काय?"

एक दिवस मी जहाजाच्या डोलकाठ्यांचे दोर जवळून पाहिले. काळे, लांब, बारीक. माझे केस होते ते. कंगव्यातून काढून, वळून, गाठी मारलेले.

मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांशी बोलले. सतत घरात बसणं, अंधारलेले दिवस, कामाचा ताण. त्यांचं म्हणणं मला पटलं. पटवून घ्यायचं होतं.

कारण तो आता बाहेर पडत नव्हता. दुकानात जातो म्हणून निघायचा आणि अंगणाच्या फाटकाशी थांबायचा. मी वरून बघायचे. फाटक सताड उघडं असायचं. पावसात भिजत तो उभा राहायचा, कुणाच्या तरी होकाराची वाट बघत असल्यासारखा, आणि मग मुकाट परत यायचा.

"का आलास परत?"

"आज नाही सोडत," तो सहज म्हणाला. मग माझ्याकडे बघून गोंधळला. "मी काय म्हणालो आत्ता?"

त्या रात्री तो माझा हात घट्ट धरून झोपला. ऑफिसने त्याला प्रत्यक्ष हजर व्हायला बोलावलं होतं. गेला नाही तर नोकरी जाणार होती, आणि त्याचा व्हिसा त्या नोकरीवर होता. मी ठरवलं, आता इथून निघायचं. लंडनमध्ये, एजवेअरला माझा भाऊ नकुल राहतो. त्याला फोन केला. "घेऊन ये त्याला, ताई. बाकी मग बघू," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. गाडी रस्त्यावर, फाटकाबाहेर होती. मी बॅगा ठेवून आले. रघुवीर अंगणात उभा होता. दाढी केलेली, अंगात चांगला कोट. मला केवढा धीर आला.

"चल," मी फाटकाबाहेरून म्हटलं.

तो फाटकापर्यंत आला आणि थांबला.

नदीचा आवाज वाढला होता. निदान मला तसा वाटला.

त्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढून दोन्ही हातांत धरली. मान खाली घातली. इतक्या वर्षांत तो मला कधी 'तू'शिवाय दुसरं काही म्हणाला नव्हता.

"तुमची परवानगी असेल," तो हळूच म्हणाला, "तर मी जाऊ का बाहेर?"

वेड्यासारखं काय करतोस, बस गाडीत, असं मला म्हणायचं होतं. ते शब्द अगदी ओठांवर होते.

"नाही," मी म्हणाले. "आत जा."

तो वळला आणि गेला.

मी फाटक ओढून घेतलं, कडी घातली आणि नीट बसली ना, ते हलवून पाहिलं. तेव्हा कुठे मला बरं वाटलं.