आई काय म्हणाली?

"ताई, खरं सांग... आई इथे काय म्हणाली?"

धाकटीने कॉम्प्युटरची कळ दाबली आणि आईचा रेकॉर्ड केलेला आवाज खोलीत घुमला. जड, ओला, शब्दाला शब्द चिकटलेला आवाज! आईला जाऊन काही महिने झाले होते; तिचा पलंग भिंतीशी उभा करून ठेवला होता आणि त्या रिकाम्या जागी धाकटीचं टेबल आलं होतं. धाकटीला उद्या कॉम्प्युटरची पदवी मिळायची होती, तिचा समारंभाचा झगा ताई इस्त्री करत होती. ताईचा इस्त्रीचा हात जागीच थबकला.

"तेव्हाच सांगितलंय की," ती म्हणाली. "पुढे माझा आवाज आहे ना."

होता. अर्धांगवायूने आईची जीभ लुळी पडली तेव्हापासून तिचं बोलणं घरात एकट्या ताईलाच कळायचं. येणारे-जाणारे थट्टेने म्हणायचे, आई बोलते ती ताईच्या तोंडाने! म्हणून तर धाकटीने शेवटच्या वर्षाला आईचं बोलणं ओळखून पडद्यावर लिहिणारा प्रोग्रॅम करायला घेतला. आई एक वाक्य बोले, तेच ताई स्पष्ट म्हणे, आणि अशा असंख्य जोड्यांवरून तो शिके.

रेकॉर्डिंगमध्ये पुढे ताईचा आवाज आला, "धाकटीचा अभ्यास नीट होऊ दे."

"बाकीच्या वाक्यांतून शिकलेले शब्द जुळवून प्रोग्रॅम इथे दुसरंच लिहितो," धाकटी म्हणाली. "बाकी सगळं बरोबर आणि हेच चूक! आपलीच अक्कल कमी पडतेय म्हणून मी रडलेसुद्धा. आज सरांनी विचारलं, इतक्या वर्षांत काय शिकलात? माझ्या तोंडून निघून गेलं... यंत्र चुकलं की आधी त्याला शिकवणाऱ्याकडे बघायचं. आणि मी गारच पडले, ताई!"

तिने पडदा वळवला. 'थोरलीला शिकू दे. माझ्यापाशी धाकटी राहील.'

याच शाखेत कधीकाळी ताईलाही प्रवेश मिळाला होता... आणि आई आजारी पडली. जीभ जरा वळल्यावर आईने पहिलं वाक्य उच्चारलं ते हेच. दारात शाळेचं दप्तर घेऊन धाकटी उभी होती. "आई काय म्हणतेय गं?" तिने विचारलं, आणि त्या निमिषात ताईने आपलं सारं भविष्य त्या अजाण जिवावरून ओवाळून टाकलं. "तुला खूप शिक म्हणतेय," ती म्हणाली.

आई ते वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिली, ताई ते पुन्हा पुन्हा बदलत राहिली. मग आई चांगला हात गादीवर आपटायची आणि ताई सांगायची, "पाठ दुखतेय तिची."

"तिचे कान शाबूत होते, ताई!" धाकटीचा स्वर फाटला. "तिला सगळं कळत होतं! मला वाटायचं, ती माझ्यावरच चिडलीय... मी तिच्यापाशी बसणं सोडलं गं!"

"तू एवढीशी होतीस! तुला हगणं-मुतणं काढायला कशी बसवू? माझ्याच्याने नाही झालं..."

"मग मला विचारायचंस! तू मोठी झालीस त्यागाने, आणि आई मुकी गेली!"

ज्या त्यागाला ताईने इतकी वर्षं उराशी धरलं होतं, त्याच्या तळाशी आईचा तो आपटणारा हात होता. इस्त्री बंद करून ती टेबलाच्या पायाशी खाली बसली, नेमकी आईची उशी असायची तिथे.

धाकटी जवळ आली. डोळे पुसत तिने माइक पुढे केला.

"ही जोडी चुकीची राहिलीय. मी टाइप करून बदलू शकते... पण ते तूच म्हण. आईचं तेवढं राहिलंय."

पुन्हा आईचा आवाज आला. त्यामागे, आजवर या रेकॉर्डिंगमध्ये दोघींनीही लक्ष न दिलेला, गादीवरचा हाताचा धप्प आवाज. ताईने ओठ उघडले. हुंदका दाटला, जीभ जड झाली, शब्दाला शब्द चिकटले. काय बोलली ते धाकटीलाही कळलं नाही. तिने नुसती ताईला घट्ट मिठी मारली.

माइक चालूच होता. पडद्यावर मात्र ताईच्या शब्दांची अक्षरं उमटली, 'थोरलीला शिकू दे.'