साहेबांसमोर यंत्र शहाणं झालं

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी ती जास्त चांगली सांगितली असती.

साल १९६२, दिवाळी नुकतीच झालेली. गाव आचरा. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. जेवणानंतरची लख्ख दुपार होती आणि एक सरकारी साहेब खुर्चीत बसलेले होते. म्हणजे भुताने यायला सर्वांत अयोग्य वेळ.

तरी ते आलं.

माझे मामा, गंगाराम, नानाशेटच्या भाताच्या गिरणीत कामाला होते. इंजिन तेलावरचं. त्याचा पट्टा रिकाम्या चाकावर फिरत असला की यंत्र थांबलेलं. लाकडी दांडा ढकलला की पट्टा शेजारच्या चाकावर जायचा आणि यंत्र चालू.

खोड एवढीच, की पट्टा कधीकधी दांड्याला न विचारता आपणच सरकायचा.

हे साऱ्या गावाला माहीत होतं. नानाशेटलाही. पण दुरुस्तीला मुंबईचा माणूस आणावा लागला असता. म्हणून यंत्र आहे तसं ठेवून माणसांनीच जपून राहायचं, असं ठरलं होतं.

आदल्या वर्षी मामा थांबलेल्या यंत्रात हात घालून अडकलेला कोंडा काढत होते...

पट्टा सरकला.

उजवा हात कोपरापासून गेला. गेला म्हणजे खरंच गेला. यंत्र उघडलं, कोंड्याचा ढीग उपसला, मागचा व्हाळ, म्हणजे ओढा, धुंडाळला.

हात... कुठेच नव्हता.

मामांनी भरपाईचा दावा लावला. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. नानाशेटचं म्हणणं, यंत्र निर्दोष आहे, गंगाराम बेसावध होता. शेवटी रत्नागिरीहून साहेब येऊन यंत्र स्वतः बघणार असं ठरलं. त्यांच्यासमोर पट्टा एकदा सरकला की दावा जिंकला. आणि तो तर रोजच सरकायचा.

इथे आमच्या लोकांनी अगदी आमच्या लोकांसारखी चूक केली.

साहेब यायच्या आधीच्या रविवारी गिरणीत राखण दिली. जागेचा जो राखणदार, तो जागेवाला. त्याला कोंबडा आणि नारळ. कोंबडा नानाशेटनेच आणला. भरपाईपेक्षा तो स्वस्त पडला. गावाच्या वतीने देवाशी बोलणारा घाडी हात जोडून गाऱ्हाणं घालू लागला, "बा जागेवाल्या म्हाराजा, झाला ता झाला... आता हय कोणाचा रगात सांडूक देव नको. ह्या चाकाक आवरून धर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

सगळ्यांत मोठा आवाज मामांचा होता.

मी तेव्हा बेळगावला कॉलेजात होतो. साहेबांना मालवणी कळत नव्हती म्हणून मला दुभाषी नेमलं. मराठीतून मराठीत.

इंजिन सुरू झालं. आम्ही पट्ट्याकडे बघत उभे राहिलो.

पट्टा रिकाम्या चाकावर फिरत होता. गुणी मुलासारखा.

पाव तास... अर्धा तास...

"शिरा पडो तुझ्या तोंडार, आज खंय गेली रे तुझी मस्ती?" आनंदीमामी पट्ट्याला म्हणाली. हे मी साहेबांना सांगितलं नाही.

नानाशेटला जोर चढला. "हरिश्चंद्रा, घाल रे हात आत. सायबांक दाखय."

हरिश्चंद्र म्हणजे मामांच्या जागी घेतलेला गडी. त्याने एकदा मामांकडे पाहिलं आणि हात आत घातला.

तेव्हाच पट्टा सरकला.

दोन बोटांच्या रुंदीएवढा...

आणि मध्येच थांबला. थरथरत. कोणीतरी मागे ओढून धरल्यासारखा.

मी दांड्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. दांड्यावर कोंड्याचा थर साचलेला... त्यात एकेक करून चार बोटं उमटली.

मग अंगठा.

मागे कोणीतरी कण्हलं. मामा होते. दाराच्या चौकटीला टेकलेले, घामाने निथळत. सदऱ्याची रिकामी उजवी बाही... दांड्याच्या दिशेने सरळ ताणली गेली होती.

वारा नव्हता.

"सोडा वो," मामी कुजबुजली. तिलाही दिसलं होतं. "एकदाच सोडा. सायब बघतत."

"तेचो हात आत आसा गो."

मामी किंचाळली, "हरिश्चंद्रा, हात भायर काढ!"

त्याने झटकन काढला.

"आता सोडा!"

मामांनी डोळे मिटले. गळ्याच्या शिरा टरारल्या.

"सुटणा नाय," ते म्हणाले. "माझ्यान सुटणा नाय गो."

पट्टा हळूच मागे गेला आणि रिकाम्या चाकावर बसला.

"काय म्हणतायत हे?" साहेबांनी मला विचारलं.

मी सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ते उठले.

दावा फेटाळला गेला. यंत्रात दोष आढळला नाही.

त्यानंतर तो पट्टा कधीच सरकला नाही. गिरण चालू असेपर्यंत मामा घरी उजवा खांदा दाबून बसायचे. संध्याकाळी इंजिन थांबलं की जेवायचे. दिवसभराची पाळी, बिनपगारी.

पाच वर्षांनी ते गेले. स्मशानाची वाट गिरणीवरून जाते. तिथे तिरडीची उजवी बाजू जड झाली. खांदेकरी बदलले. पुन्हा जड. मग ती गिरणीच्या दाराकडे ओढू लागली... चार धडधाकट माणसं, पाय मातीत रोवून उभी.

मी आत धावलो. "नानाशेट, इंजिन बंद करा!"

"गिऱ्हायका खोळंबली आसत रे..." असं म्हणत त्याने बंद केलं.

तिरडी हलकी झाली. इतकी हलकी, की पुढचे दोघे धडपडले.

चिता पेटत होती तेव्हा गिरणीकडून आवाज आला. इंजिन पुन्हा सुरू झालं होतं.

आता गिरण नानाशेटचा मुलगा चालवतो. यंत्र तेच. फार गुणी आहे म्हणतो.

मामी अजून आहे. मी गेलो की ओटीवर बसून बोलत असते. इंजिन सुरू झालं की मध्येच थांबते.

"तेंका कधी सोडतले रे?"

आवाज बंद होईपर्यंत आम्ही दोघं तशीच बसून राहतो.