चढाचं कार्ड

नमुन्याचं कार्ड तळहातावर ठेवून पौर्णिमानं मूठ मिटली आणि तिच्या कोपरापर्यंत हलगी वाजली. कानाला काहीच नाही. इर्शाद मुल्लाच्या छापखान्यात पंखा घरघरत होता, कागद कापायचं यंत्र खटखटत होतं, आणि तिच्या हाडात मात्र तिचाच हात तडतडत होता. मूठ उघडली तशी हलगी थांबली.

"आई शप्पथ," ती म्हणाली. "ही मीच हाय की."

"तुम्हीच, ताई. बुधवारी वाजवून गेलात तेच."

कार्डावरच्या ह्या शाईला कंपशाई म्हणतात, असं ती कार्डाचं विचारायला आली तेव्हाच इर्शादनं तिला सांगितलं होतं. छापली की दिसायला साधी काळी शाई. तळहाताची ऊब लागली की ती थरथरते, आणि ती थरथर मनगटाच्या हाडातून वर चढते. बाहेरून ठोका आला तर तोही ती पकडते. जयसिंगपुरातले निम्मे बँडवाले आणि दोन तबलजी आता असलीच कार्डं वाटत फिरत. पण त्यांच्या कार्डावर शाई असायची कोपऱ्यात, बंद्या रुपयाएवढी. नमुना पाहा आणि फोन करा, एवढंच.

पौर्णिमाचं तेवढ्यानं भागणार नव्हतं. सात वर्षं ती चुलतभावाच्या ताफ्यात वाजवत होती आणि लोक तिला 'वायदंड्यांची पोरगी' म्हणत. बाईची हलगी मैदानाला चालत नाही, असं सांगून भावानं तिला लग्नाच्या वरातीपुरतं ठेवलं, तेव्हा ती ताफा सोडून बाहेर पडली. आता दोन वर्षं एकटी, जिथं बोलावणं येईल तिथं. आणि येत्या रविवारी कासारशिंगीच्या यात्रेत कुस्तीच्या मैदानाला मुख्य हलगी तिची होती. चारशे लोकांच्या हातात तिचं नाव जायला हवं होतं. गेलं नाही तर पुन्हा वरातीच, हे तिला पक्कं माहीत होतं.

म्हणून तिनं वहीत कार्ड स्वतः काढून आणलं होतं. मधे गोल हलगी, खाली ठळक 'पौर्णिमा वायदंडे', त्याखाली फोन नंबर. बाकी काही नको.

"आणि मागची बाजू सगळी काळी करा," ती म्हणाली. "हात भरून लागलं पाहिजे."

"सगळी?" इर्शादनं मान खाजवली. "एवढी शाई अजून कुणी घातलेली नाही."

"म्हणूनच घाला."

अडचण दुसरीच होती. कार्डावर बारा सेकंदांचंच वाजवणं मावायचं, आणि तिनं दोन गोष्टी वाजवल्या होत्या, चढ आणि उतार. कुस्तीच्या मैदानात हलगी काही शोभेला नसते. पैलवान भिडले की हलगीवाला चढ घेतो. ठोके दाट होत जातात, पैलवानाचं रक्त उसळतं आणि बघणाऱ्याचंही. कुस्ती निकाली झाली की हलगी एकदम थांबवायची नसते. उतार वाजवायचा, दोघांची धपापणारी छाती शांत होईपर्यंत. तिच्या वडिलांनी, आबांनी, तिच्या हातात पहिल्यांदा हलगीचं टिपरू दिलं तेव्हाच बजावलं होतं, की उतार हाताशी असल्याशिवाय चढाला हात घालू नकोस.

"दोन्हीतलं एक ठेवा," इर्शाद म्हणाला.

पौर्णिमानं फार विचार केला नाही. तिच्या जागी कुठलाही हलगीवाला असता तरी त्यानं हेच केलं असतं. उतारासाठी कुणी कधी फोन केलाय?

"चढ ठेवा."

इर्शादनं दोन कार्डं काचेवर शेजारी ठेवली आणि त्यांवर तळहात टेकवून ऊब दिली. पहिल्यांदा दोन्ही वेगवेगळी थरथरली, आणि बघता बघता एका ठेक्यात आली. "जवळ असली की एकमेकाला धरतात," तो म्हणाला. "आमचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. एका भिंतीवरची लंबकाची घड्याळं हळूहळू एका चालीनं चालायला लागतात म्हणायचे. तसंच."

"म्हंजे ताफाच की माझा," पौर्णिमा म्हणाली आणि पोट भरून हसली.

शनिवारी चारशे कार्डं डब्यात भरताना इर्शादला बायकोचा फोन आला. दूध आणायचं काय, एवढंच ती विचारत होती. तो तिच्यावर असा खेकसला की पौर्णिमानं वळून बघितलं. दहा वर्षांत तिनं त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "उकाड्यानं डोकं फिरतं," तो ओशाळून म्हणाला, आणि तिनंही ते उकाड्यावरच ढकललं.

रविवारी दुपारी कासारशिंगीचं मैदान खच्चून भरलं होतं. दाराशी आबा उभे होते, नवा फेटा बांधून. हात थरथरायला लागल्यापासून आबांनी वाजवणं सोडलं होतं. आता ते लेकीची जादा हलगी सांभाळायचे आणि विस्तवावर तिचं कातडं शेकून ताणून ठेवायचे. माणूस असा गरीब की चाळिशीपर्यंत कोंबडीसुद्धा त्यांनी दुसऱ्याकडून कापून घेतली. येणाऱ्या प्रत्येकाला रामराम करून ते हातात कार्ड देत होते. "माझ्या लेकीचं हाय. मूठ मिटून बघा."

लोक मूठ मिटत, दचकत, हसत, आणि पुन्हा मिटत. कुणी कार्ड खिशात टाकलं नाही.

"यशवंता, लई भारी रं," केरबा नलवडे आबांना म्हणाले. केरबा मैदानाचे जुने पंच, आबांचे तीस वर्षांचे सोबती. दर वर्षी शेवटच्या कुस्तीनंतर हलगीवाल्याला फेटा बांधायचा मान त्यांचा. "पोरीनं नाव काढलं. आज तिला फेटा मीच बांधणार." दोघं म्हातारे विस्तवापाशी मांडी ठोकून बसले, एका हातात कार्ड आणि मधे तंबाखूची एकच चंची.

शेवटची कुस्ती लागली. पौर्णिमानं हलगी खांद्याला लावली, शेजारी साथीला घुमकंवाला आणि झांजा वाजवणारा कैताळवाला. पैलवानांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले आणि तिनं चढ घेतला.

पहिल्या काही ठोक्यांतच तिला कळलं की हलगी नेहमीसारखी वाजत नाहीये. ठोका पडायचा आणि जमिनीतून परत यायचा. तिचं वाजवणं चारशे मुठींतल्या शाईनं पकडलं होतं, आणि आधी शंभर, मग दोनशे, मग सगळी कार्डं एकमेकाला धरत एका ठेक्यात आली होती. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं. आयुष्यात एवढं मोठं ती कधी वाजली नव्हती. तिनं हात आणखी दाट केला.

समोरच्या रांगेतल्या एका माणसानं शेजाऱ्याच्या तोंडात मारली. काही बोलणं नाही, भांडण नाही. शेजाऱ्यानं त्याचा कान दातांनी धरला. त्यांच्या मागच्याला वाटलं सोडवायला हवं, आणि सोडवता सोडवता त्यानं पायताण काढून दोघांच्या डोक्यात घालायला सुरुवात केली. मग लोक बसले होते तो फळ्यांचा सज्जा कोसळला. लोक फळ्यांखालून ओरडत होते आणि वरचे त्यांच्यावर उभे राहून एकमेकांना मारत होते. एका काठीधारी स्वयंसेवकानं ज्याला पाणी पाजलं होतं त्याचाच गुडघा काठीनं फोडला. रक्त लाल मातीवर पडलं की दिसतसुद्धा नव्हतं. आणि सगळ्यांचे फटके तालात पडत होते. एकही फटका ठेका सोडून नव्हता.

आखाड्यात ते दोन पैलवान एकमेकांना सोडून उभे राहिले होते. लंगोटावरच्या माणसाच्या हातात कार्ड कुठून असणार. त्या मैदानात शुद्धीवर होते ते दोघं, आणि ज्यांचे हात वाद्यात गुंतले होते ते तिघं.

पौर्णिमानं हलगी थांबवली. काहीच थांबलं नाही. चारशे कार्डांना आता तिची गरज नव्हती.

तिनं विस्तवाकडं बघितलं. आबा उभे होते. तिची जादा हलगी त्यांनी दोन्ही हातांनी लोखंडी कड्याला धरून डोक्यावर उचलली होती, कार्ड बोटांत तसंच दाबलेलं, आणि त्यांचे हात अजिबात थरथरत नव्हते. खाली केरबा पडले होते. त्यांनीच आधी आबांचा गळा धरला असावा, आबांच्या मानेवर नखांचे ओरखडे होते. कडं खाली आलं. केरबांच्या कपाळाचं कातडं फाटून भुवईवर लोंबलं.

"आबा!"

आबांनी ऐकलं नाही. तिच्यात आणि त्यांच्यात दोनशे माणसं एकमेकांना तुडवत होती. धावून पोचणं शक्यच नव्हतं. तिच्याकडं एकच गोष्ट होती आणि ती कार्डावर छापलेली नव्हती.

पण उतार असा एकदम लागत नाही. धावत्या बैलाला पुढून अडवलं तर तो अंगावर येतो. आधी त्याच्या बरोबरीनं पळायचं, कासरा हातात घ्यायचा, मग सावकाश वळवायचं. आबांनीच शिकवलेलं. म्हणजे आधी चढ वाजवायला हवा होता. कार्डांपेक्षा जोरात, त्यांच्याही वर, ती तिच्या मागं यायला लागेपर्यंत.

"पौर्णिमे, नगं," घुमकंवाला म्हणाला. त्याला कळलं होतं ती काय करणार.

तिनं वाजवलं. डोळे आबांच्या छातीवर ठेवून, जीव खाऊन वाजवलं. मैदान आणखी भडकलं. तिच्या ठोक्यावर कडं वर गेलं, तिच्या ठोक्यावर खाली आलं. पुन्हा वर गेलं. पुन्हा खाली आलं. दोन वेळा. केरबांचा हात मातीत बोटं रुतवून होता, तो सैल पडला. मग तिला ठेक्यात ओढ जाणवली, कासऱ्याला ताण बसावा तशी. कार्डं तिच्यामागं आली होती. तिनं एक ठोका किंचित उशिरा टाकला. मग आणखी उशिरा. आबांची छाती ज्या वेगानं धपापत होती त्याच्या एक पायरी खाली ती वाजवत राहिली, डाव्या हाताची काडी बोटांत घुसून रक्त आलं तरी. मुठी सुटायला लागल्या. लोकांच्या हातातून कार्डं खाली पडली. माणसं जिथं होती तिथं बसली आणि आपल्या हातांकडं बघायला लागली.

आबांनी कडं खाली ठेवलं, अगदी अलगद, नेहमी ठेवायचे तसं. मग ते केरबांच्या डोक्यापाशी बसले आणि फाटलेलं कातडं बोटांनी परत जागेवर लावायला लागले.

त्या दिवशी मैदानात तीन माणसं गेली. केरबा त्यांतले एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार शुभांगी घोलप टेबलामागं बसून पौर्णिमाचं बोलणं ऐकत होत्या. पलीकडं कोठडीत आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी काल संध्याकाळपासून एकच वाक्य उच्चारलं होतं, ते म्हणजे केरबाच्या घरी कुणीतरी जावा. वकिलाचं नाव काढलं तरी ते मान हलवत. पौर्णिमाला आता नाव नको होतं, मैदान नको होतं. तिला फक्त आबा बाहेर हवे होते.

"एका कार्डानं माणूस खून करतो म्हणता?" घोलपबाईंनी जप्त केलेलं एक कार्ड मुठीत धरलं. "मला तर छान वाटतंय."

"एकानं न्हाई, बाई. पंचवीस घ्या."

त्यांनी पिशवीतली मूठभर कार्डं काढली आणि दोन्ही तळहातांत दाबली. अर्धं मिनिट गेलं. त्यांच्या मानेची शीर तटतटली, नजर शेजारच्या हवालदाराच्या गळ्यावर जाऊन थांबली, आणि तो न सांगताच दोन पावलं मागं सरला. घोलपबाईंनी कार्डं अशी फेकली की ती खोलीभर पसरली.

"हे कोर्टात दाखवता येईल," त्या म्हणाल्या. "तुमचे वडील सुटतील कदाचित. पण मग आत कोण जाईल, कळतंय ना?"

"कळतंय. लिहून घ्या. चढ माझा हाय. मागची बाजू काळी करा म्हणून मीच सांगितलं. उतार मीच काढून टाकला. आणि शेवटचे दोन फटके कार्डाचे नव्हते. ते मी वाजवलं. केरबाकाका त्याच्या आधी गेले का नंतर, ते मला कुणी सांगावं."

कोठडीत आबांनी मान वर केली होती. ते सगळं ऐकत होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काल रात्रीपासून तो वाजतच होता, अनोळखी नंबरांवरून. तिला वाटलं होतं लोक शिव्या द्यायला करत असतील, म्हणून तिनं एकही उचलला नव्हता. घोलपबाईंनी खूण केली. पौर्णिमानं फोन टेबलावर ठेवून उचलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पौर्णिमाताई वायदंडे का?" आवाज मऊ होता, घरातल्यासारखा. "कासारशिंगीचं कार्ड हातात आलं आमच्या. लई नाव ऐकलं तुमचं. पुढच्या महिन्यात आमच्याकडं मिरवणूक हाय. मधे एक गल्ली लागती, तिथं आमचं जरा वाकडं हाय."

घोलपबाईंनी कागद ओढून नंबर लिहून घेतला.

"तुम्हाला यायचा त्रास नको," तो माणूस म्हणाला. "वाजवाय आमचा माणूस हाय. निस्ती कार्डं पाहिजेत, दोन हजार. मागची बाजू अशीच सगळी काळी."

"मी तसली कार्डं देत न्हाई."

"बरं, न्हाई तर न्हाई. आमच्याकडं एक हाय, त्यावरनं छापून घेतो आम्ही. येवढंच इचारायचं हुतं," त्यानं घसा खाकरला. "ह्याच्या पुढचं काही वाजवलेलं हाय का? थांबवायचं असलं तर काय करायचं असतं?"

पौर्णिमानं आबांकडं बघितलं. आबांची बोटं गजावर टेकली होती आणि सावकाश, अगदी सावकाश, उताराचा पहिला ठोका शोधत होती. ती पुन्हा थरथरायला लागली होती. समोरच्या छातीकडं बघत वाजवायची ही गोष्ट, जी एका माणसाला शिकायला वीस वर्षं लागतात, ती त्यांच्या वाजवणाऱ्याला महिन्याभरात कुणी शिकवायची?