एक रेघ जास्त

कोय कलम बांधायला दोन मिनिटं लागतात. कोयीतून उगवलेलं तांबूस रोप वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची, वर प्लॅस्टिकची पट्टी गच्च आवळायची. दोन्ही हात अडकलेले, म्हणून तोवर काडी ओठांत धरायची. आम्ही सगळे तसंच करतो. माझी शाळा चौथीपर्यंत, पण शंभरातली नव्वद कलमं जगतात.

शहाऐंशी साली मी रत्नागिरीबाहेर कातळाच्या सड्यावरच्या एका खाजगी रोपवाटिकेत होतो. सगळ्या काड्या सात नंबरच्या झाडाच्या. त्या पावसाळ्यात मालकांनी पुण्याहून सावित्रीबाईंना आणलं. कलम अस्सल की नकली ते त्या पानाच्या रसावरून सांगायच्या. खरवसासारखी एक वडी, तिच्या कडेला ओळीने खाचा. खाचेत रसाचा थेंब घालायचा, वीज सोडायची, मग वडी रंगात बुडवायची. प्रत्येक खाचेसमोर निळ्या रेघा उमटायच्या. एकाच झाडाची पोरं असली तर रेघा सारख्या.

सात नंबरला पाच रेघा. माझ्या शेजारी बसून कलमं बांधणाऱ्या बाबूच्या कलमांना पाच. माझं कुठलंही कलम घ्या, सहा.

मालक म्हणाले, काडी कुठची घातलीस ते महिन्याभरात सांग, नाहीतर तुझी तीनशे कलमं जाळतो आणि तुला घालवतो. खोट्या काडीचा डाग लागला की जिल्ह्यात कुणी चाकू हातात देत नाही. मला दुसरं काम येत नाही.

बाईंनी काड्या स्वतः कापल्या. त्यांच्यासमोर बाबूने दहा बांधली, मी दहा. सगळी एका खोलीत, कुलूप लावून किल्ली बाईंच्या पर्समध्ये. बाबू म्हणाला, "भिकू, वहिनी जेवणात काय घालते रे तुला?" मी हसलो नाही. मला बाईंचाच संशय येत होता. कुलपाआड कोण काय करतं, कुणी बघितलंय?

बावीस दिवसांनी पानं उघडली. बाबूची पाच. माझी सहा.

मग मीच ओठांत काडी धरायचं सांगितलं. बाईंनी आम्हा दोघांना काचेच्या नळीत थुंकायला लावलं. बाबूची खाच कोरी. माझ्या खाचेसमोर तेवढी एकच रेघ, सहावी.

"ही माणसात नसते," बाई म्हणाल्या.

"झाडात तरी असते?"

बाईंनी माझ्या नळीला बूच लावलं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना एक पाऊल मागे उभ्या राहायच्या. घरी मी आरशात जीभ काढून बघायचो. जीभ होती तशीच.

सोमवारी त्यांनी सात नंबरचं पान परत लावलं. सहा रेघा. बाबूची जुनी कलमं, सहा. कुलपातली त्याची दहा, त्यांनाही सहा. किल्ली पर्समधून हललेली नव्हती.

दुपारी बाईंनी कागदावर लिहून दिलं, भिकूची कलमं अस्सल. मालकांनी चहा पाजला, चाकू परत दिला. सुटलो एकदाचा.

आभार मानायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. सामान बांधून झालं होतं. वायर काढून गुंडाळून ठेवलेली. टेबलावर ताटलीत एक वडी उरली होती, दोनच खाचांची. दोन्हींसमोर एकेक रेघ.

"ही माझी थुंकी," मी म्हणालो. "शेजारची कुणाची?"

"माझी."

"तुम्ही तर कधी काडी तोंडात धरली नाहीत."

"हातसुद्धा लावला नाही. हातमोजे होते."

"मालकांना सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"सकाळी रंगातून काढली तेव्हा ह्या दोन रेघांमध्ये बोटभर जागा होती," त्या हळूच म्हणाल्या.

मी वाकून बघितलं.

दोन्ही रेघा एकमेकींकडे वळल्या होत्या. मधे केसाएवढी जागा उरली होती.