दुसऱ्याच्या हातचा पाइप

तुंगार्लीला अरविंद गरुडांच्या बंगल्यावर दर रविवारी दुपारी तिघं पाइप ओढायला जमत. स्वतः गरुड, देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेला संदेश आणि कार्ल्याचा भिकाजी. भिकाजीने तीस वर्षं एका पारशी मालकाचा बंगला राखला होता. मालक जाताना आपला पाइप त्याला देऊन गेला. शिक्षण चौथी, पण नाक असं की दोन झुरक्यांत सांगायचा, "ह्यो धुरावर वाळवल्याला हाय. आन् साहेब, ह्या डब्याला बुरशी धरतीय." गरुडांकडे तंबाखूचे चाळीस डबे होते, नाक बेताचं. ते हसून घेत. ते हसणं संदेशला कधी आवडलं नव्हतं.

गेल्या वर्षी तापात भिकाजीचा वास गेला. मोगरा आणि गटार त्याला सारखंच झालं. तरी तो यायचा, पाइप पेटवून दोघांचं बोलणं ऐकत बसायचा.

एका रविवारी गरुड संदेशला हळूच म्हणाले, "आज त्याला चहाचा चोथा भरून देतो. वाळवून ठेवलाय. बघू या काय काय वर्णन करतो."

संदेश काही बोलला नाही.

गरुडांनी स्वतः चोथा ठासून पाइप भिकाजीच्या हातात दिला. "नवा माल आहे. सांग कसा वाटतो."

भिकाजीने झुरका घेतला आणि तो तसाच थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब, वास येतुया!"

गरुडांनी संदेशला डोळा मारला.

"ओली गोधडी. करपल्यालं दूध. एक बाई हाय, दातांना मिश्री लावती. तुमाला बाळ्या म्हनती."

गरुडांचा चेहरा उतरला. त्यांची आई मिश्री लावायची, हे संदेशला ठाऊक होतं. भिकाजीने तिला कधी पाहिलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी गरुडांनी वाळलेला पालापाचोळा चुरून भरला. लबाडी पकडायचीच, असं म्हणाले. भिकाजीने डोळे मिटले. "पेट्रोल. नवी स्कूटर. खंडाळ्याच्या घाटात पडलाय तुमी, गुडघा फुटलाय."

"माझ्याकडे स्कूटर कधी नव्हतीच," गरुड शांतपणे म्हणाले.

संदेशने तो किस्सा त्यांच्याच तोंडून पन्नासदा ऐकला होता.

त्यानंतर गरुड दर रविवारी पाइप भरत राहिले. लेंड्या भरल्या, झाडूच्या काड्या भरल्या. भिकाजी गालांनी भरत चालला. गरुडांनी एकदा आपल्याच कुत्र्याला हाड् केलं. सहाव्या रविवारी त्यांच्या पत्नी माधवीताई चहा घेऊन आल्या, तर ते अदबीने उठून उभे राहिले. "बसा ना. कोण हवंय आपल्याला?"

ट्रे तिथेच पडला.

माधवीताई त्यांना पुण्याला मुलीकडे घेऊन गेल्या. बंगल्याला कुलूप लागलं.

पुढच्या रविवारी भिकाजी संदेशच्या सोमाटण्याच्या घरी आला. संदेशला राहवेना.

"भिकाजी, तो तंबाखू नव्हता रे. चोथा होता, पाला होता."

"म्हाईत व्हतं. पैल्या झुरक्यालाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी कुटं बोललासा?"

संदेशने मान खाली घातली. भिकाजीने पाइप त्याच्यापुढे धरला.

"आता तुमी भरा, भाऊ."

संदेशने आपला सगळ्यात चांगला डबा उघडला. खरा तंबाखू, नीट मोकळा करून, हलक्या हाताने भरला. एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो, असं त्याला वाटलं.

भिकाजीने काडी ओढली.

"चाफ्याचं तेल," तो म्हणाला. "हिरवा चुडा. हळदीचे हात. बबितावैनी हायती ह्या. लगीन नवंच दिसतंय."

संदेशने आठवून पाहिलं.

"कोण बबिता?"

भिकाजीने सावकाश दुसरा झुरका घेतला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आतून एका बाईचा आवाज आला, "अहो, भिकाजीभाऊंना जेवूनच जा म्हणावं."

संदेश खुर्चीच्या कडेला सरकला.

"हळू बोल," तो भिकाजीला म्हणाला. "घरात कुणीतरी शिरलंय."