पाच लाटांची पैज

पैज लागली ती गुलाब मुलाणीच्या तोंडामुळं.

रविवारची दुपार कलली होती. तासगावच्या एसटी कॉलनीतल्या पिंपळाच्या पारावर नेहमीची मंडळी जमली होती. जोशीबाई एका हातात मोजा घालून हवेत बोटं नाचवत होत्या. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी असं केलं असतं तर लोकांनी देवऋषी बोलावला असता. आता कुणी मान वर करून बघतही नव्हतं. बाईंची नात पुण्यात तसलाच मोजा घालून बसली होती आणि बाई इथून तिला गुदगुल्या करत होत्या. स्पर्शमोजे स्वस्त झाल्यापासून लांबचे जावई दिवाळीला सासऱ्याच्या पाया पडायचे तेसुद्धा मोज्यातूनच. सासऱ्यानं मोजा पायावर टाकायचा, जावयानं तिकडून वाकायचं. वाकला की नाही ते देव जाणे.

पण नंदकुमार खराडेच्या गुडघ्याखाली त्या दिवशी जे बांधलं होतं ते कॉलनीत पहिल्यांदाच आलेलं. काळा, रुंद पट्टा, दोन्ही पायांना एकेक. नंदूची लेक प्रांजल स्कॉटलंडात एडिंबरा शहरात शिकत होती, आणि तिच्या प्रयोगशाळेत हे पायाचं यंत्र तयार होत होतं. पाठवणाऱ्यानं तळपायाला कागदाएवढा पातळ तळ चिकटवायचा, घेणाऱ्यानं गुडघ्याखाली पट्टा बांधायचा. तिकडच्या पायाला जे लागेल ते इकडच्या पायाला कळायचं. आज प्रांजल आगगाडीनं नॉर्थ बेरिक नावाच्या समुद्रकाठच्या गावी सहलीला गेली होती. दिवसभर हिंडायचं, संध्याकाळी परत. जाता जाता पप्पांना समुद्र द्यायचा, असा तिचा बेत होता. पप्पांनी वर्षानुवर्षं रत्नागिरीची एसटी चालवली, पण समुद्रात पाय कधी घातला नव्हता. ड्युटी संपली की डेपोत झोप, उठलं की परत स्टिअरिंग.

"बघ हां नंद्या," गुलाब म्हणाला, "तिकडचा समुद्र म्हणजे माझ्या दुकानातली बर्फाची पेटी. पहिल्याच लाटेला बोंबलशील."

गुलाबचं कॉलनीच्या कोपऱ्यावर सरबत-गोळ्याचं दुकान होतं. गारठ्याच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असं त्याला वाटायचं.

"मी बोंबलीन?" नंदू म्हणाला. "पाच लाटा घेतो, पाच. तोंडातून आवाज काढणार नाही की पाय हलवणार नाही."

"आणि काढलास तर?"

"तर पाराभोवती लंगडी घालीन, सगळ्या कॉलनीसमोर. नाही काढला तर तू घालायचीस."

गुलाबच्या पोटाकडं बघून मंडळी खिदळली.

"मंजूर," गुलाब म्हणाला. "पण पाय बदलायचा नाही. बदलला की परत पहिल्यापासून."

नंदू मनातल्या मनात उड्या मारत होता. हा तोच नंदू, ज्यानं एकदा डेपो मॅनेजरच्या स्कूटरमागं 'विनाथांबा' अशी पाटी लावली होती आणि साहेब आठवडाभर ती घेऊन गावभर हिंडले होते. आजची पैज तर त्यानं लावायच्या आधीच जिंकली होती. कारण त्याचे पाय मेले होते.

शुगरनं आधी बोटं बधिर केली, मग तळवे, मग घोटे. पायाला मुंग्या यायच्या थांबल्या तेव्हा तो खूश झाला होता. नंतर कळलं, मुंग्याच नाही, सगळंच गेलंय. एकदा आंबा घाट उतरताना पाय ब्रेकवर आहे की बाजूला, ते त्याला खाली वाकून बघावं लागलं. गाडी नीट पोचवली, डेपोत लावली आणि दुसऱ्या दिवशी स्वेच्छानिवृत्ती मागितली. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. बायकोला, पुष्पाला सांगितलं, जरा बधिरी वाटते. प्रांजलला काहीच सांगितलं नाही. गेल्या साली नुसता डेंगी झाला तर पोरीनं परतीचं तिकीट काढलं होतं. हे कळलं तर शिक्षण सोडून पहिल्या विमानानं येऊन दारात उभी राहील, हे नंदू ओळखून होता. त्यामुळं समुद्राची लाट आली काय आणि गेली काय, आपण मजेत बसायचं, "व्वा व्वा" म्हणायचं आणि गुलब्याची लंगडी बघायची, असा त्याचा हिशेब होता.

पारावर टेकवलेल्या फोनमध्ये प्रांजल दिसली. डोक्यावर लोकरीची टोपी, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मागं राखाडी समुद्र. अर्धं बोलणं वाराच खात होता.

"पप्पा, तो खडक बघा! चुना फासल्यागत दिसतोय ना? सगळे पक्षी आहेत ते!"

"एवढे पक्षी म्हणल्यावर चुना कसला ते कळलं," गुलाब म्हणाला.

"चाचा! बरं, मी पाण्याच्या कडेला आलेय. तयार का?"

"सोड समुद्र," नंदू म्हणाला.

तो पारावर ऐटीत बसला, अनवाणी पाय खाली फरशीवर. पंच म्हणून गुलाब त्याच्या पायाशी उकिडवा बसला. आता गुलाब हा काही सरळ माणूस नव्हे. त्यानं दुकानातून येतानाच भांडंभर किसलेला बर्फ आणला होता. नंदूची नजर फोनवर खिळली तसा त्यानं तो बर्फ हळूच नंदूच्या पायांच्या बोटांवर लिंपला. मंडळींनी तोंडावर हात दाबले. आता बोंबलतोय बघ!

नंदू बोंबलला नाही.

"पहिली लाट!" प्रांजल ओरडली. "कळली?"

"कसली गं? समुद्र आहे का तळं?" नंदू पाय न हलवता म्हणाला.

"बारीक ठेवलंय म्हणून. वाढवते."

मंडळींचं हसू हळूहळू ओसरलं. बर्फ वितळून पाणी फरशीवरून वाहत होतं. बोटं लाल झाली होती. आणि हा माणूस फोनकडं बघत मिशीला पीळ देत बसला होता. गुलाबनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग पायांकडं, मग पाराच्या कडेला बसलेल्या पुष्पाकडं. पुष्पाचा चेहरा उतरला होता.

दुसरी लाट आली. नंदूला वाटलं, कुणीतरी फार लांबून हाक मारली. तो दचकला. भास असेल.

तिसरी लाट आली तेव्हा आधी करंगळी भिजली. मग तिच्या शेजारचं बोट, मग त्याच्या शेजारचं. एकेक बोट जागं होत होत गारठा अंगठ्यापर्यंत आला, तळव्यावर पसरला आणि परत जाताना टाचेखालची वाळू ओढून घेऊन गेला.

"आई गंऽऽ!" नंदू उठूनच उभा राहिला. "अंगठा! अगं, माझा अंगठा!"

एरवी अशा वेळी कॉलनीनं शिट्ट्या मारल्या असत्या. आज कुणी मारली नाही.

"हरलात पप्पा!" तिकडून प्रांजल टाळ्या पिटत होती. "हरलात! चाचा, तिसरीलाच गेले!" मग तिला इकडची शांतता ऐकू आली. "काय झालं?"

नंदूनं खाली बघितलं. बोटांवर अजून बर्फाचा चिखल होता.

"हे कधी घातलंस?"

"पहिल्या लाटेच्या आधी," गुलाब म्हणाला. "नंद्या, तुला कळलं नाही?"

गुलाबनं खांद्यावरचा पंचा काढला, एकेक बोट पुसलं. ज्या माणसाच्या जन्मभर कुरापती काढल्या त्याचे पाय तो भर चौकात पुसत होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"चाचा, फोन खाली करा," प्रांजल म्हणाली. "मला पाय दाखवा."

तिनं पाय बघितले. बर्फ बघितला. ती हेच शिकत होती, त्यामुळं तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"कधीपासून, पप्पा?"

"ब्रेक कळेना झाला तेव्हापासून."

"म्हणजे कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली नव्हती तुम्ही."

"आलाच होता गं. पायांना." नंदूनं डोळे पुसले. "ते राहू दे. मला आत्ता अंगठा कसा कळला, ते सांग आधी. मी तर गुलब्याला फसवायला बसलो होतो."

प्रांजल रडत होती की वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, ते फोनमध्ये कळत नव्हतं. पण ती बोलली नीट. "पप्पा, नस म्हणजे खांबावरून येणारी लाईट समजा. तुमची शेवटच्या खांबापाशी जळलीय. गुडघ्यापाशी अजून चालू आहे. पट्टा तिथं आकडा टाकतो. मेंदूला वाटतं, पायाकडूनच निरोप आला."

"म्हणजे मी चोरीच्या लाईटवर गार झालो?"

"तसंच. पण पाय बरे झालेले नाहीत, हे ध्यानात ठेवा. उद्या मिरजेला डॉक्टरकडं जायचं, आणि तळवे रोज बघायचे. जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही."

"मी नेतो," गुलाब म्हणाला. "नाही आला तर पोत्यात घालून नेतो."

"आणि तू?" नंदूनं विचारलं. हा प्रश्न त्यानं इतके दिवस पोटात ठेवला होता. "तू येणार का सगळं सोडून?"

तिकडं एक लाट आली आणि गेली. इकडं नंदूच्या टाचेखालून वाळू सरकली.

"यायचंच आलं होतं मनात, आत्ता पाय बघितले तेव्हा," प्रांजल म्हणाली. "पण मी आले तर तुम्हाला इथून लाट कोण देणार? आणि पप्पा, आमच्याकडं हे खेळणं म्हणून बनवतायत. सहलीला गेलेल्यांनी घरच्यांना वाळू पाठवायची, एवढंच. बधिर पायावर कुणी बांधून बघितलंच नव्हतं. उद्या सरांना सांगणार आहे, एका लबाड माणसानं पैजेत फसवायला पट्टा बांधला आणि स्वतःच फसला."

"नाव सांग हां," गुलाब म्हणाला. "आणि बर्फ कुणाचा होता तेही सांग."

आता कॉलनी हसली. पुष्पा हसली आणि लगेच नवऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं की घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते त्याला कळलं. 'जरा बधिरी' हे शब्द आता जन्मभर ऐकायला लागणार होते.

गुलाब उठून उभा राहिला. "पैज रद्द. मी बर्फ घातला, म्हणजे लबाडी झाली."

"लबाडी तर मी पण केली," नंदू म्हणाला. "दोन लबाडांची पैज रद्द कशाला करायची? हरलो म्हणजे हरलो. लंगडी घालणार."

"नंद्या, पडशील. जमीन कळत नाही तुला."

हे खरं होतं. नंदूलाही ते माहीत होतं. दोन पायांवर तो नजरेच्या आधारानं चालायचा, एका पायावर कसा टिकणार? तो पाराला धरून उभा राहिला, आणि पैज लागल्यापासून पहिल्यांदाच त्याला भीती वाटली.

"पप्पा," फोनमधून आवाज आला, "उजवा पाय का डावा?"

"का गं?"

"सांगा तर."

"उजवा."

प्रांजलनं डावा पाय मुडपला. अनोळखी गावाच्या किनाऱ्यावर, कुत्री फिरवणाऱ्या आणि बटाट्याचे काप खाणाऱ्या लोकांसमोर ती ओल्या वाळूत एका पायावर उभी राहिली. नंदूच्या उजव्या तळव्याखाली घट्ट, गार जमीन आली.

"मी 'हप्' म्हणाले की उडी. पण एक सांगते, तुम्हाला माझी वाळू कळेल. तुमचे खडे कळणार नाहीत."

पुष्पा घरात गेली आणि झाडू घेऊन आली. नवऱ्याच्या पुढं जाऊन तिनं पाराभोवतीची वाट झाडायला सुरुवात केली. गुलाबनं नंदूचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि स्वतःही एक पाय मुडपला. "माझीही लबाडी होती," तो पुटपुटला.

"हप्!"

तिकडं पोरगी उडाली, इकडं बाप. पाय टेकला आणि नंदूला तो टेकलेला कळला. कितीतरी दिवसांनी पायानं सांगितलं, 'पोचलो.'

"हप्!"

पुढं पुष्पाचा झाडू, मागं दोन म्हातारे एकमेकांना धरून उड्या मारणारे, कडेनं फोन धरून पळणाऱ्या जोशीबाई. "पाय बदलला! बदलला!" कुणीतरी उगीच ओरडलं. "तुझ्या डोळ्याला चष्मा लाव," नंदू धापा टाकत म्हणाला. तिकडं टोपीवाला एक आजोबा कुत्र्यासकट थांबला होता आणि प्रत्येक 'हप्'ला मान हलवत होता. हे काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण टाळी मात्र तो बरोबर वाजवत होता.

शेवटच्या वळणावर प्रांजल थांबली. ती एका पायावर डुलत होती.

"पप्पा, उजवीकडं कोरडी वाळू आहे, डावीकडं लाट येतेय. पाय कुठं टाकू?"

सगळी कॉलनी थांबली. घामानं निथळणाऱ्या नंदूनं झाडून ठेवलेल्या वाटेकडं बघितलं, गुलाबच्या लाल झालेल्या तोंडाकडं बघितलं, आणि फोनमधल्या पोरीच्या लोकरीच्या टोपीकडं बघितलं.

"लाटेत," तो म्हणाला. "हरलोय तर नीट हरू दे."

"हप्!"

नंदूनं शेवटची उडी मारली आणि पिंपळावरची पाखरं उडावीत एवढ्या मोठ्यानं किंचाळला. मग तसाच, एका पायावर उभा राहून, हसत राहिला. जोशीबाईंनी फोन गुलाबच्या हातात दिला, खाली वाकल्या आणि नंदूच्या पावलाशेजारची जमीन बोटानं चाचपून बघितली.

जमीन कोरडी होती. मग नंदूचा पाय टेकला तरी कुठं होता?